डेटोना २००१: शेवटचं वळण आणि पंधरा वर्षं वाट बघणारा उपाय

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत किंवा ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'अं... अं...' काढून टाकलेत.

सुरुवातीलाच एक प्रश्न. एकाच रेसमध्ये दोन अपघात झाले. पहिल्यात एक गाडी हवेत उडाली, कोलांट्या खाल्ल्या, दुसऱ्या गाडीवर आदळली, तिच्या मागेपुढे मिळून अठरा गाड्यांचा चुराडा झाला. दुसऱ्यात एक गाडी जरा घसरली, तिरकी होऊन भिंतीला लागली आणि घरंगळत खाली गवतावर येऊन थांबली. या दोघांपैकी कुठल्या ड्रायव्हरचा जीव गेला असेल?

दुसऱ्या. आणि का, ते समजून घेण्यासाठी आज आपण अमेरिकेत फ्लोरिडाला जातोय. तारीख १८ फेब्रुवारी २००१, रेस डेटोना ५००.

आधी थोडी ओळख. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममध्ये मिळते तशी गाडी. चाळीस-पन्नासच्या दशकात लोक खरंच तशाच गाड्या आणून पळवायचे. २००१ पर्यंत मात्र 'स्टॉक' हे नावापुरतंच उरलं होतं. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, वर पत्रा, आणि हेडलाइटच्या जागी चक्क हेडलाइटचे स्टिकर! या रेस चालवणारी संस्था म्हणजे नॅसकार आणि तिची सगळ्यात मानाची रेस म्हणजे डेटोना ५००. अडीच मैलांचा, म्हणजे साधारण चार किलोमीटरचा ट्रॅक, दोनशे फेऱ्या, एकूण पाचशे मैल. वळणांवर रस्ता ३१ अंशांनी कललेला. टीव्हीवर ते कळत नाही, पण ३१ अंश म्हणजे आपल्याला चालत चढतानाही हात टेकावे लागतील.

एवढ्या उतारामुळे वळणावरही वेग कमी करावा लागत नाही. गाड्या इतक्या सुसाट जायला लागल्या की १९८८ पासून डेटोनाला इंजिनचा घोट आवळायची वेळ आली. कार्ब्युरेटरखाली छोटी भोकं असलेली एक प्लेट बसवायची. हवा कमी मिळाली की ताकद कमी. पण त्याचा एक साइड इफेक्ट झाला. सगळ्यांची ताकद जवळपास सारखी झाल्यामुळे कुणीच कुणाला सोडून पुढे जाऊ शकेना. तीस-चाळीस गाड्या एकमेकींना चिकटून, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास, असा घोळका करून पळायला लागल्या. बघायला थरारक. पण एकाने जरा हात हलवला की मागचे सगळे गेले.

आता या गोष्टीतला मुख्य माणूस. डेल अर्नहार्ट. गाव कनापोलिस, नॉर्थ कॅरोलायना. वय ४९. सात वेळा चॅम्पियन, ७६ रेस जिंकलेल्या. काळी शेव्हरोले, नंबर ३. टोपणनाव 'इंटिमिडेटर', म्हणजे समोरच्याला धडकी भरवणारा. मागून येऊन बंपरला हलकेच धक्का देणार आणि तुम्ही बाजूला होईपर्यंत पिच्छा सोडणार नाही, अशी ख्याती. डेटोना ५०० मात्र त्याला सतत हुलकावणी देत राहिली. ती जिंकायला त्याला वीस प्रयत्न लागले. १९९८ मध्ये जिंकला, तेव्हा बाकीच्या टीमची माणसं पिट लेनवर रांगेत उभी राहून त्याच्या हाताला हात लावत होती. विरोधकसुद्धा! एवढा मान.

२००१ च्या त्या रविवारी रेस जोरात चालली होती. दिवसभरात आघाडी ४९ वेळा बदलली. १७३ व्या फेरीत टोनी स्टुअर्टची गाडी उडाली. मगाशी सांगितला तो पहिला अपघात. बघणाऱ्यांना वाटलं, संपला हा. पण स्टुअर्टला हॉस्पिटलमध्ये नेलं आणि तो वाचला.

मग शेवटची फेरी. पुढे मायकेल वॉल्ट्रिप, त्याच्या मागे डेल अर्नहार्ट ज्युनिअर, म्हणजे आपल्या डेलचा मुलगा, आणि तिसरा स्वतः डेल. गंमत अशी की पहिल्या दोन गाड्या डेलच्याच मालकीच्या टीमच्या होत्या. तो स्वतः दुसऱ्या मालकासाठी चालवायचा. वॉल्ट्रिपने तोवर ४६२ रेस पळवल्या होत्या आणि एकही जिंकली नव्हती. डेल मागच्यांना अडवत होता.

शेवटच्या, चौथ्या वळणावर डेलच्या गाडीला स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीचा किंचित स्पर्श झाला. डेलची गाडी आधी खाली डावीकडे घसरली, मग एकदम उजवीकडे वर वळली, केन श्रेडरच्या गाडीला लागली आणि बाहेरच्या सिमेंटच्या भिंतीवर गेली. इकडे वॉल्ट्रिप जिंकला, ४६३ व्या प्रयत्नात. कॉमेंट्रीला त्याचा सख्खा भाऊ डॅरेल होता. तो आनंदाने ओरडत होता आणि मधेच त्याचा आवाज बदलला, कारण त्याला डेलची काळजी वाटायला लागली होती. श्रेडर उतरून डेलच्या खिडकीपाशी गेला, आत बघितलं आणि लगेच वळून मदतीसाठी खुणा करायला लागला.

हॅलिफॅक्स मेडिकल सेंटरमध्ये संध्याकाळी ५ वाजून १६ मिनिटांनी डेल अर्नहार्टला मृत घोषित केलं. कारण होतं कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर.

आता जरा फिजिक्स. घाबरू नका. मी कॉम्प्युटरचा बीटेक असलो तरी पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्स सगळ्यांच्याच बोकांडी बसतं, त्यामुळे एवढं सांगू शकतो.

क्रिकेटमध्ये सिझन बॉलचा कॅच घेताना हात मागे का नेतो आपण? बॉल थांबवायचा तर आहेच, पण जास्त वेळ घेऊन थांबवायचा. वेळ वाढला की बल कमी. हात ताठ ठेवले तर बोट सुजलंच म्हणून समजा. अपघाताचंही तेच. वेग किती होता, यापेक्षा तो किती वेळात बदलला, यावर माणूस वाचणार की नाही ते ठरतं. स्टुअर्टची गाडी कित्येक सेकंद गडगडत राहिली. प्रत्येक कोलांटीत, प्रत्येक उडालेल्या पत्र्यात थोडी थोडी ऊर्जा खर्च होत गेली. म्हणजे हात मागे नेऊन घेतलेला कॅच.

डेलचं उलट झालं. नॅसकारने ऑगस्ट २००१ मध्ये तपासाचा अहवाल जाहीर केला. त्यानुसार भिंतीला लागताना त्याचा वेग ताशी सुमारे १५७ ते १६० मैल होता, म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या वर. गाडी ज्या दिशेने चालली होती ती दिशा भिंतीशी जेमतेम १३-१४ अंशांचा कोन करत होती, म्हणून टीव्हीवर तो अपघात किरकोळ वाटला. बराचसा वेग भिंतीला समांतरच होता. पण धडकेने वेगात जो बदल झाला, तो ताशी ७० किलोमीटरच्या आसपास होता आणि तो झाला सेकंदाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी वेळात. समोर सिमेंटची भिंत, ती काही मागे सरकत नाही. गाडीचा पिंजरा पण असा कडक की दबत नाही. मग हात मागे कोण नेणार? ड्रायव्हरची मान.

नीट बघा. धडक झाली की खांद्यावरचे पट्टे धडाला सीटशी धरून ठेवतात. पण डोक्याला कुणीच धरलेलं नसतं. त्यावर हेल्मेटचं वजन. धड थांबलं, डोकं पुढे निघालं, दोघांच्या मधे फक्त मान. तो सगळा ताण येतो कवटी जिथे मणक्यावर बसते त्या हाडावर. तिथूनच मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या जातात. त्या अपघातात डेलच्या सीटबेल्टचा डाव्या बाजूचा पट्टाही तुटला होता आणि त्यावरून बरेच वाद झाले. अहवालाने एकच कारण धरलं नाही. श्रेडरच्या गाडीची धडक, भिंतीला लागतानाचा वेग आणि कोन, तुटलेला पट्टा, असं सगळं मिळून झालं, असा निष्कर्ष काढला.

हा काही एकट्या डेलचा प्रकार नव्हता. त्याच्या आधीच्या नऊ महिन्यांत नॅसकारचे तीन ड्रायव्हर डोक्याच्या आणि मानेच्या दुखापतीने गेले होते. मे २००० मध्ये न्यू हॅम्पशायरला सरावात ॲडम पेटी. वय फक्त १९. त्याचे पणजोबा ली पेटी १९५९ ची पहिली डेटोना ५०० जिंकलेले, आजोबा रिचर्ड पेटी सात वेळचे चॅम्पियन. जुलैमध्ये त्याच ट्रॅकच्या त्याच वळणावर केनी अर्विन ज्युनिअर. ऑक्टोबरमध्ये टेक्सासला ट्रकच्या रेसमध्ये टोनी रोपर. आणि मग फेब्रुवारीत डेल.

इथे मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट येते. या दुखापतीवरचा उपाय तयार होता. आणि नुसता कागदावर नव्हे, तर विकत मिळत होता.

१९८१ मध्ये पॅट्रिक जॅकमार नावाचा एक फ्रेंच ड्रायव्हर मिड-ओहायोच्या ट्रॅकवर टेस्टिंग करताना अशाच दुखापतीने गेला. त्याच्यासोबत रेस करणारा जिम डाउनिंग त्यामुळे अस्वस्थ झाला. डाउनिंगचे मेव्हणे रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक होते. त्याआधी जनरल मोटर्समध्ये क्रॅश टेस्टच्या पुतळ्यांवर त्यांनी काम केलेलं. म्हणजे 'धडकेत डोक्याचं काय होतं' हा त्यांचा रोजचाच विषय. घरातलाच माणूस घरातल्या माणसाला विचारतो, यावर काही करता येईल का?

हबर्डनी जे केलं ते इतकं साधं आहे की ऐकल्यावर वाटतं, हे आपल्यालाही सुचलं असतं. मानेभोवती बसणारी एक कडक कॉलर. तिचे दोन पाय खांद्यावरून छातीवर येतात आणि सीटबेल्टचे पट्टे त्यांच्यावरून जातात. म्हणजे कॉलर धडाशी बांधली गेली. कॉलरच्या मागच्या भागातून दोन छोटे पट्टे निघतात आणि हेल्मेटला दोन्ही बाजूंनी अडकतात. झालं. आता धडक बसली की डोकं एकटं पुढे पळू शकत नाही, ते धडाबरोबरच थांबतं. जो ताण मानेवर येणार होता तो हेल्मेटमार्फत कपाळावर येतो आणि कपाळाचं हाड तेवढं सोसू शकतं. बॅटरी नाही, सेन्सर नाही, सॉफ्टवेअर नाही. नाव ठेवलं हॅन्स, म्हणजे डोकं आणि मान सांभाळणारं उपकरण.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर नमुना तयार झाला आणि डाउनिंग स्वतः तो घालून रेस करायला लागला. दशकाच्या शेवटी वेन स्टेट युनिव्हर्सिटीत पुतळ्यांवर चाचण्या झाल्या. मानेवरचा ताण प्रचंड कमी झालेला दिसला. तरी मोठ्या कंपन्यांनी बनवायला घेतलं नाही. शेवटी दोघांनी स्वतःचीच कंपनी काढली.

आणि विक्री? अगदीच तुरळक. २००१ च्या डेटोना ५०० मध्ये ४३ ड्रायव्हर होते. हॅन्स घातलेले मोजकेच. डेल अर्नहार्ट त्यांत नव्हता. तो तर तोंडाकडून उघडं असलेलं जुन्या पद्धतीचं हेल्मेट वापरायचा आणि या कॉलरबद्दल त्याला अजिबात प्रेम नव्हतं.

आता 'हे ड्रायव्हर मूर्ख होते' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांच्या बाजूनेही बघा. सुरुवातीची कॉलर मोठी आणि अवजड होती. डोकं वळवून बाजूची गाडी बघायला त्रास. आणि सगळ्यात मोठी भीती आगीची. १९६४ मध्ये शार्लटच्या रेसमध्ये फायरबॉल रॉबर्ट्स हा तेव्हाचा मोठा स्टार भाजला आणि काही आठवड्यांनी गेला. त्यातून पेट्रोलच्या टाकीत रबरी पिशवी बसवायची सुधारणा आली, पण खिडकीतून पटकन बाहेर पडता आलं पाहिजे ही भीती ड्रायव्हरांच्या डोक्यातून गेली नाही. गळ्याशी आणखी एक गोष्ट बांधून घ्यायची म्हणजे त्यांना फास वाटायचा. आणि 'मला काही होत नाही' हे तर आहेच. वीस-पंचवीस वर्षं भिंतींना धडकून जिवंत राहिलेल्या माणसाला तसं वाटणारच. त्याच्या अनुभवाचा डेटाच तसा होता. फक्त ज्यांच्या बाबतीत तो डेटा उलटा निघाला, ते सांगायला उरले नव्हते.

दुसरीकडे, फॉर्म्युला वनमध्ये १९९४ साली इमोलाला रोलंड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेना एका पाठोपाठ एक दिवशी गेले. त्यानंतर तिथल्या लोकांनी आधी एअरबॅगचा विचार केला आणि मग हॅन्सकडे वळले. मर्सिडीजच्या इंजिनिअर्सनी हबर्डसोबत बसून ती कॉलर छोटी आणि सुटसुटीत केली. म्हणजे २००१ उजाडेपर्यंत 'फार मोठी आहे' ही तक्रारही बरीचशी मिटली होती. अमेरिकेतल्याच कार्ट या दुसऱ्या मालिकेने ओव्हल ट्रॅकवर ती सक्तीची केली. नॅसकार मात्र 'ज्याचं त्याने ठरवावं' म्हणत राहिली.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. बग माहीत आहे, फिक्स तयार आहे, टेस्टही पास आहे, पण तिकीट 'लो प्रायॉरिटी' म्हणून बॅकलॉगमध्ये पडून आहे, कारण अजून कुठल्या मोठ्या क्लायंटचं काही बिघडलेलं नाही. फरक एवढाच, की इथे 'बिघडणं' म्हणजे कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी मुलगा.

डेल गेल्यावर हॅन्सला एकदम मागणी आली. ऑगस्टपर्यंत बहुतेक ड्रायव्हर काही ना काही मानेचं संरक्षण वापरायला लागले होते. तरी सक्ती नव्हतीच. मग ४ ऑक्टोबर २००१ ला शार्लटला आर्का या छोट्या मालिकेची रेस झाली. शेवटच्या फेऱ्यांत दोन गाड्या एकमेकींना लागल्या. एक उलटी झाली, तिचा ड्रायव्हर सुखरूप बाहेर आला. दुसरी भिंतीला लागली, तिचा ड्रायव्हर ब्लेझ अलेक्झांडर, वय २५, गेला. पुन्हा तीच दुखापत. आणि उलटलेल्या गाडीत कोण होतं? केरी अर्नहार्ट. डेलचा मोठा मुलगा.

त्याच महिन्यात नॅसकारने नियम केला: डोकं आणि मान धरून ठेवणारं उपकरण घातल्याशिवाय ट्रॅकवर यायचं नाही. तेव्हाही कुरकुर झाली. कुरकुर करणाऱ्यांत पुढे कोण होता, तर टोनी स्टुअर्ट! त्याला त्यात कोंडल्यासारखं व्हायचं. पण नियम म्हणजे नियम. त्यालाही घालावं लागलं.

पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, गाड्यांत अपघाताची नोंद ठेवणारे ब्लॅक बॉक्स आले. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर नवी भिंत बसली. ती नेब्रास्का विद्यापीठातल्या डीन सिकिंग यांच्या टीमने बनवली होती. हे सिकिंग डेलच्या अपघाताच्या तपासातही होते. सिमेंटच्या भिंतीपुढे स्टीलच्या चौकोनी नळ्या आणि दोघांच्या मधे फोमचे ठोकळे. गाडी लागली की नळ्या दबतात, फोम चेपतो. भिंतच आता हात मागे नेऊन कॅच घेते. नाव सेफर बॅरिअर.

तीसुद्धा सगळीकडे एकदम बसली नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये काइल बुश डेटोनालाच अशा जागी धडकला जिथे फोम नव्हता, नुसतं सिमेंट होतं. पाय मोडला. मग तिथेही बसवायची घाई झाली. परत तेच: आधी हाड मोडायचं, मग तिकीट क्लोज.

तरी निकाल बघा. डेल अर्नहार्टनंतर नॅसकारच्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांत रेस करताना एकही ड्रायव्हर गेलेला नाही. एकही. वेग काही बैलगाडीचा झालेला नाही आणि अपघातही थांबलेले नाहीत.

१७ फेब्रुवारी २०२० ला, पुन्हा डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत, रायन न्यूमनची गाडी भिंतीला लागून उलटली आणि उलट्या गाडीवर ड्रायव्हरच्या बाजूने दुसरी गाडी आदळली. ज्यांनी २००१ बघितलं होतं, ते टीव्हीसमोर गप्प बसले. त्यालाही हॅलिफॅक्स मेडिकल सेंटरमध्येच नेलं. दोन दिवसांनी तो आपल्या दोन मुलींचे हात धरून, स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला.

आपण शोधाची गोष्ट सांगताना नेहमी शोध लागला त्या क्षणापाशी थांबतो. पण हॅन्सचा शोध लागला तेव्हा कुणीच वाचलं नाही. तो खांद्यावर बसायला लागला तेव्हा माणसं वाचायला लागली. या दोन गोष्टींच्या मधे पंधरा वर्षं गेली आणि त्या पंधरा वर्षांत इंजिनिअरिंगचा प्रश्न फारसा उरलेलाच नव्हता. उरला होता तो सवयीचा, 'मला काय होतंय'चा आणि नियम कुणी करायचा याचा.

तर मंडळी, आज हे वाचून झाल्यावर एकच काम. गाडीच्या आरशाला अडकवलेलं ते हेल्मेट डोक्यावर घ्या. आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. टक् असा आवाज आला पाहिजे. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे नुसतीच जड टोपी.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सांभाळून जा!